विश्लेषण : हडपसरमधले पक्षी, झाडे, किडे विद्यार्थ्यांनी का मोजायचे?

पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी तयार वही, असा अनेकांचा समज असतो. पण तोच प्रकल्प आवारात, कालव्याकाठी किंवा कवडीच्या बंधाऱ्यावर नीट केला, तर त्यातली नोंद शास्त्रज्ञांपासून महापालिकेपर्यंत अनेकांच्या कामी येऊ शकते. त्यासाठी काय मोजायचे, कसे मोजायचे आणि मोजलेले पुढे कुठे जाते, हे समजून घेऊ या.

हा विषय अभ्यासक्रमात आला कसा?

पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे झाले ते न्यायालयामुळे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये शिक्षणाच्या सर्व स्तरांवर पर्यावरण हा विषय शिकवण्याचे निर्देश दिले. पुढे २००३मध्ये न्यायालयाने अंमलबजावणीबाबत पुन्हा बजावले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा पदवी स्तरावरचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम देशभर लागू झाला. त्यात आसपासच्या परिसरात जाऊन करायचे काम आहे. वनस्पती, कीटक, पक्षी यांची पाहणी आणि तळे, नदी, टेकडी यांसारख्या साध्या परिसंस्थेचा अभ्यास, असे त्याचे स्वरूप आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या पदवी अभ्यासक्रमात 'फील्ड प्रोजेक्ट'ला स्वतंत्र श्रेयांक आहेत.

कागदावर तरतूद आहे. प्रत्यक्षात मात्र बऱ्याचदा मागच्या वर्षीची वही, इंटरनेटवरची छायाचित्रे आणि शेवटच्या आठवड्यातली धावपळ एवढ्यावरच काम भागते. गुण मिळतात, वही कपाटात जाते. हडपसरसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या उपनगरात मात्र हे नुकसान फक्त विद्यार्थ्यांचे राहत नाही.

हडपसरमध्ये मोजण्यासारखे उरले आहे काय?

वाहतूक कोंडी, आयटी पार्क आणि उंच इमारती ही हडपसरची आजची ओळख. पण दोन-तीन पिढ्यांपूर्वी हा भाग ऊस आणि भाजीपाल्याच्या शेतांसाठी ओळखला जाई. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी एकत्र येऊन आपल्या ४००हून अधिक एकर जमिनीवर २०००च्या सुमारास मगरपट्टा सिटी उभारायला सुरुवात केली. फुरसुंगी आणि साडेसतरा नळी ही गावे २०१७मध्ये, तर मांजरी बुद्रुक आणि शेवाळेवाडी २०२१मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. फुरसुंगी नंतर वेगळी करण्याचा निर्णय झाला. शेताची सोसायटी होण्याचा हा प्रवास अजून संपलेला नाही.

तरीही या भागात किमान पाच वेगवेगळे अधिवास चालत किंवा पीएमपीच्या बसने गाठता येतात. उत्तरेला मुळा-मुठा नदी आहे. खडकवासल्यातून आलेला मुठा उजवा कालवा वस्तीतूनच जातो. रामटेकडीचा उंचवटा आहे. ग्लायडिंग सेंटरचे मोकळे गवताळ मैदान आहे. शाळा-महाविद्यालयांची आवारे आणि सोसायट्यांच्या बागा तर दारातच आहेत.

या प्रत्येक ठिकाणची जीवसृष्टी निराळी असते. आवारातल्या वड-उंबरावर तांबट आणि कोकीळ, जास्वंदीवर शिंजीर, कुंपणाच्या झुडपात शिंपी. गवताळ मोकळ्या जागेत टिटवी आणि चंडोल. कालव्याच्या काठावर खंड्या, वंचक, चतुर आणि टाचण्या. गवताळ मैदान म्हणजे 'पडीक जमीन' असे आपण सहज म्हणतो. पण जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना तिथे झाडे लावून दिली, तर त्यांचे घरच जाते. हा फरक पुस्तकापेक्षा मैदानावर लवकर कळतो.

कवडीचे महत्त्व काय?

सोलापूर रस्त्याने मांजरीच्या पुढे गेले, की मुळा-मुठेवर कवडीचा जुना बंधारा लागतो. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी सकाळी इथे दुर्बिणी आणि कॅमेरे घेतलेली मंडळी हमखास दिसतात. चक्रवाक, थापट्या अशी स्थलांतरित बदके, शेकाट्यांचे थवे, पाणथळीतून शेपटी हलवत फिरणारे धोबी, शिवाय हळदी-कुंकू बदक, राखी बगळा, चित्रबलाक आणि नदी सुरय हे पक्षी इथे पाहता येतात. चक्रवाक हा लडाख, तिबेट आणि मध्य आशियाच्या थंड पठारांवर वीण करणारा पक्षी. तो हडपसरच्या वेशीवर येऊन हिवाळा काढतो.

पण कवडीचे दुसरे चित्रही तितकेच खरे आहे. शहरातून वाहत आलेले प्लास्टिक बंधाऱ्याला अडकते. पाण्याला वास येतो, फेस दिसतो, काही काळ जलपर्णीचा थर असतो.

पक्षी भरपूर आहेत, म्हणजे नदी निरोगी आहे का?

असे म्हणता येत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतला हा सर्वांत सहज होणारा गैरसमज आहे.

सांडपाण्यात सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात. ते कुजताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात. अशा पाण्यात मेफ्लायसारख्या कीटकांची पिल्ले तगत नाहीत. उलट, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या काही माश्यांच्या लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स जातीचे बारीक कृमी तिथे प्रचंड वाढतात. या अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो. कमी ऑक्सिजनमध्ये तगून राहायला त्याची मदत होते. चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या शेकाट्यांसारख्या पक्ष्यांसाठी हे आयते ताट असते.

त्यामुळे एखाद्या प्रदूषित टप्प्यात पक्ष्यांची संख्या मोठी दिसू शकते. प्रश्न 'किती पक्षी?' एवढाच विचारला, तर उत्तर चुकते. कोणत्या जाती आहेत, त्या काय खातात आणि कोणत्या जाती दिसत नाहीत, हे तीन प्रश्न जोडले की नदीची प्रकृती कळू लागते.

नोंद नसेल तर काय बिघडते?

नदीतल्या माशांचे उदाहरण पाहू. ब्रिटिश अधिकारी कर्नल विल्यम साइक्स यांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनमधल्या पक्ष्यांवर आणि माशांवर लिहून ठेवले. पुढे १९४२मध्ये फ्रेझर यांची पुण्याच्या माशांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आली. त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी, २००३मध्ये, पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागातून जी. के. वाघ आणि हेमंत घाटे यांनी मुळा आणि मुठा नद्यांतल्या माशांची यादी प्रसिद्ध केली.

या नव्या यादीचे मोल जुन्या याद्यांमुळे वाढले. पूर्वी कोणता मासा होता हे लिहिलेले होते, म्हणून आज कोणता सापडत नाही हे विचारता आले. आफ्रिकेतून आलेला तिलापिया आज पुण्याच्या नद्यांत सर्रास मिळतो. तो इथला नव्हे, हेही जुन्या नोंदींवरूनच ठामपणे सांगता येते.

विज्ञानात याला 'बेसलाइन' म्हणतात. ती नसेल, तर प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जे पाहिले तेच 'पूर्वीपासूनचे' समजते. आजोबांनी नदीत मासे धरलेले असतात, वडिलांनी काठावर क्रिकेट खेळलेले असते आणि मुलाला नदी फक्त पुलावरून, नाक दाबून पाहिल्याचे आठवते. तिघांच्याही आठवणी खऱ्या असतात, पण आठवणींची तुलना करता येत नाही. नोंदींची करता येते.

मोजायचे कसे?

महागडी उपकरणे लागत नाहीत. मोजपट्टी, सुतळी, वही, फोन आणि जमल्यास एक दुर्बीण पुरते. महत्त्वाची आहे ती पद्धत.

झाडे-झुडपे : सुतळीने चौकट आखायची. गवत आणि लहान रोपांसाठी साधारण १ मीटर बाय १ मीटर, झुडपांसाठी ५ बाय ५ आणि झाडांसाठी १० बाय १० मीटर. चौकटीतली प्रत्येक जात आणि तिची संख्या लिहायची. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३७ मीटरवर मोजतात. चौकट कुठे टाकायची हे आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवावे. नाहीतर हात आपोआप हिरव्यागार कोपऱ्याकडे वळतो आणि निष्कर्ष फसतो.

पक्षी : एक ठरलेली वाट, ठरलेली वेळ. सकाळी सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. किती वाजता सुरू केले, किती मिनिटे चाललो, किती अंतर कापले, किती जण होतो, हे लिहायलाच हवे. १५ मिनिटांत दिसलेले १० पक्षी आणि ३ तासांत दिसलेले १० पक्षी यांचा अर्थ एक नसतो.

फुलपाखरे आणि कीटक : इथे खाद्यवनस्पती महत्त्वाची. कढीलिंब किंवा लिंबाच्या झाडावर एका फुलपाखराची अळी, रुईवर दुसऱ्याची. राज्य फुलपाखराचा मान मिळालेले 'ब्लू मॉरमॉन' लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. म्हणून 'बागेत फुलपाखरे का नाहीत?' या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा 'बागेत कोणती झाडे लावली आहेत?' या प्रश्नात सापडते.

नुसती संख्या मोजून भागते का?

नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन आवारांत प्रत्येकी १०० झाडे आहेत आणि दोन्हीकडे ५ जाती आहेत. पहिल्या आवारात ९६ झाडे सुबाभळीची आणि वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब प्रत्येकी एक. दुसऱ्या आवारात पाचही जातींची प्रत्येकी २० झाडे.

झाडांची संख्या सारखी, जातींची संख्याही सारखी. तरी दोन्ही आवारे सारखी नाहीत, हे कुणीही सांगेल. हा फरक आकड्यात मांडण्यासाठी 'शॅनन निर्देशांक' वापरतात. प्रत्येक जातीचा एकूणातला वाटा काढायचा, त्याला त्याच्याच नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करून उणे चिन्ह काढायचे. पहिल्या आवाराचा निर्देशांक येतो सुमारे ०.२२ आणि दुसऱ्याचा १.६१. फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये हे गणित दोन मिनिटांत होते.

'आमच्या आवारात १०० झाडे आहेत' या वाक्यापेक्षा हा आकडा बरेच काही सांगतो. पहिल्या आवारात एखादा रोग सुबाभळीवर आला, तर जवळपास सगळी सावलीच जाईल.

ओळख चुकली तर?

चुकणारच. म्हणूनच मोफत ॲपवर नोंद टाकण्याचा फायदा आहे. तिथे ती दुसरे कुणीतरी तपासते.

पक्ष्यांसाठी 'ईबर्ड' हे व्यासपीठ २००२पासून चालू आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा ते चालवते. कवडीसारख्या ठिकाणांची नोंद तिथे 'हॉटस्पॉट' म्हणून आहे, त्यामुळे वेगवेगळ्या लोकांच्या याद्या एकाच जागेच्या नावाखाली जमा होतात. त्या महिन्यात, त्या भागात न दिसणारा पक्षी किंवा अवास्तव संख्या भरली, की ॲप थांबवून विचारते आणि अशा नोंदी स्थानिक जाणकार स्वयंसेवक तपासतात.

झाडे, कीटक, बेडूक, कोळी अशा सर्वांसाठी 'आयनॅचरलिस्ट' आहे. २००८मध्ये ते सुरू झाले, ते कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा पदव्युत्तर प्रकल्प म्हणून. छायाचित्र, तारीख आणि ठिकाण असलेल्या नोंदीची ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीच्या नावावर एकमत झाले, की तिला 'संशोधनयोग्य' दर्जा मिळतो. संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण तिथे मुद्दाम धूसर ठेवले जाते, म्हणजे त्याचा गैरवापर होऊ नये.

खात्री नसेल तर 'बगळा, जात अनिश्चित' असे लिहिणे हे अडाणीपणाचे नव्हे, तर प्रामाणिक नोंदीचे लक्षण आहे. तसेच 'फक्त खास पक्षी' भरण्याचा मोह टाळावा. कावळा, पारवा, साळुंकी यांच्यासह दिसलेले आणि ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले, तरच ती यादी 'संपूर्ण' ठरते. कारण अशा यादीत चिमणी नसेल, तर ती खरोखर दिसली नाही, असा अर्थ काढता येतो.

अशा हौशी नोंदींचा खरेच उपयोग होतो?

सर्वांत मोठा पुरावा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल. २०२३च्या अहवालासाठी सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटत असल्याचे दिसले. या नोंदी करणारे बहुतेक जण व्यावसायिक शास्त्रज्ञ नव्हते.

विद्यार्थ्यांसाठी यातला सोपा दरवाजा म्हणजे दर फेब्रुवारीत होणारी 'कॅम्पस बर्ड काउंट'. १९९८मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट'मध्ये भारत २०१३पासून सहभागी आहे आणि कॅम्पस गणना त्याचाच भाग आहे. चार दिवसांत, आपल्याच आवारात, किमान १५ मिनिटे पक्षी मोजून यादी भरायची, एवढीच अट असते.

कायद्यात या नोंदींना जागा आहे का?

आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत, जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायची असते. स्थानिक लोकांशी बोलून 'लोकजैवविविधता नोंदवही' तयार करणे हे या समितीचे मुख्य काम. या नोंदवहीची कल्पना १९९०च्या दशकात रुजवण्यात पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. नोंदवह्या रखडल्याने राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि चुकल्यास दरमहा १० लाख रुपये भरण्याचा इशारा दिला. त्यानंतर देशभर नोंदवह्या घाईने तयार झाल्या. नोंदवही एकदा छापली की काम संपले असे नसते. ती सतत अद्ययावत करायची असते. आपल्या वॉर्डातली तपासलेली यादी समितीकडे लेखी देणे विद्यार्थ्यांना शक्य आहे.

दुसरा कायदा झाडांचा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना अपेक्षित आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' म्हणून जादा संरक्षण मिळाले. झाड तोडण्याच्या नोटिशीवर हरकत घ्यायला नागरिकांकडे मोजकेच दिवस असतात. त्या वेळी 'झाडे वाचवा' एवढेच लिहिण्यापेक्षा जात, घेर, छायाचित्र, तारीख आणि त्यावरची घरटी यांची आधीच केलेली नोंद हाताशी असेल, तर हरकतीला वजन येते. पुण्यात ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून झाडांचा वाद झाला, तेव्हा काठावर नेमके काय होते, हाच प्रश्न कळीचा होता.

काळजी कोणती घ्यायची?

नदीच्या पाण्यात उतरू नये. नमुना घ्यायचा असेल तर शिक्षकांसोबत आणि हातमोजे घालूनच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राणी पकडणे, अंडी किंवा घरटी हलवणे हा गुन्हा आहे. प्रकल्पासाठी फुलपाखरे टाचून ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. छायाचित्र पुरेसे असते. घरट्याजवळ गर्दी करू नये, पक्ष्याला बोलावण्यासाठी फोनवर त्याचा आवाज लावू नये. ग्लायडिंग सेंटरसारख्या बंदिस्त जागेत परवानगीशिवाय जाऊ नये.

खरी अडचण कुठे आहे?

एका दिवसाच्या सहलीत ५० जातींची यादी करणे अवघड नाही. अवघड आहे ते त्याच वाटेवर, त्याच पद्धतीने, पुढच्या महिन्यात आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाणे. जून-जुलैत बेडूक, पावसाळ्यानंतर गवत आणि फुलपाखरे, ऑक्टोबर ते मार्च स्थलांतरित पक्षी. वर्षभराचे चित्र एका सेमिस्टरमध्ये मावत नाही. त्यात बॅच बदलते, मार्गदर्शक शिक्षक बदलतात आणि काम पहिल्यापासून सुरू होते.

यावर उपाय साधा आहे. महाविद्यालयाने पाच ठिकाणे कायमची ठरवावीत, नकाशावर खूण करावी, एकच तक्ता वापरावा आणि दर वर्षी जाणाऱ्या बॅचने तो येणाऱ्या बॅचकडे सोपवावा. पहिल्या वर्षी ती नुसती यादी असेल. पाचव्या वर्षी त्यातून प्रश्न विचारता येतील. दहाव्या वर्षी ती हडपसरची बेसलाइन झालेली असेल.

मांजरीच्या पुढची शेते, कालव्याचे काठ आणि टेकडीचे उतार पुढच्या दहा वर्षांत जसेच्या तसे राहतील, असे कुणी म्हणणार नाही. काय राहिले आणि काय गेले, हे तेव्हा सांगता यायचे असेल, तर पहिली यादी याच हिवाळ्यात करावी लागेल.